चाचणीतली आवृत्ती

रत्नागिरीच्या सायबर कॅफेत दर शुक्रवारी मोहल्ल्यातल्या एक वयस्कर खाला, म्हणजे मावशी, यायच्या. कुवेतला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाशी चॅट करायला, पर्स छातीशी धरून. एका शुक्रवारी माझ्यासकट सगळ्यांचे संगणक अडकले.

मालक ऐटीत म्हणाला, "संगणकांवर लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती टाकलीय, अजून चाचणीत आहे!"

"आणि आधीची?" खालांनी विचारलं.

"ती पक्की. तिला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात."

खाला कडाडल्या, "मग तिची गळती बुजवत राहायचं! अर्धवट बांधलेल्या होडीत माणसं बसवतोस?"

मला तर टाळी वाजवावीशी वाटली. आमच्यावर कसले प्रयोग?

पक्की आवृत्ती परत बसेपर्यंत मुलगा ड्युटीवर गेला होता. खालांनी मालकालाच कीबोर्डपुढे बसवलं. "लिही, उशीर कोणामुळे झाला. आणि खाली नाव तुझं टाक."