थांबवणारा हात

आमचे प्राध्यापक, म्हणजे माझा नवरा, गंगाखेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतात. जितके तास तितका पैसा, आणि उन्हाळ्यात ठणठणाट. मी तिथल्याच एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. पगारातून वाचवून मी थोडे पैसे साठवले होते, ताडकळसला स्वतःची लॅब टाकायला. माझं माहेर तिथलं. नुसती साखर तपासायची म्हटली तरी आमच्याकडची म्हातारी माणसं उपाशीपोटी एसटी धरून परभणीला जातात. बाजाराच्या रस्त्यावरचा एक गाळा मी पाहून ठेवला होता, आणि टेबल कुठं, फ्रिज कुठं हेसुद्धा मनात ठरवून टाकलं होतं.

एवढ्यात प्राध्यापकांना बिटकॉइनचे ऑप्शन्स सापडले. बिटकॉइन विकत घेणारे अडाणी, असं त्यांचं मत. हे त्याच्या भावाच्या हलण्यावर धंदा करणार होते. व्होलॅटिलिटी, व्होलॅटिलिटी असा जप चालला होता, म्हणजे हेच भावाचं हलणं. एकदा मी भाकरी थापत असताना दारात उभं राहून त्यांनी मला समजावलं.

"भाव वर जाऊ दे न्हाईतर खाली, आपल्याला काय करायचंय? लय हलू नये, एवढंच. लोकायला हलण्याची भीती वाटायलीय. ती भीती आपण अंगावर घ्यायची अन् रोज थोडी थोडी फी खायची. समज, आपण विमा कंपनी झालो."

सोयाबीन हातचं गेलं की आख्खा जिल्हा ज्या धंद्याला शिव्या घालतो, नेमका तोच धंदा यांना सुचला. त्यातही विमा कंपनीकडे गडगंज पैसा असतो. यांच्याकडे माझ्या लॅबचे पैसे होते. "पडूनच हायत ना," म्हणाले. जेवताना चार वेळा ताटावरून उठणारा माणूस, जग जागचं हलणार नाही यावर पैसे लावायला निघाला होता. तरी मी दिले. माझंही डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. रोजच्या फीमुळं लॅब वर्षभर आधी होईल, असं मला वाटलं.

कुठल्याशा ऑनलाइन क्लासमध्ये यांना शिकवलं होतं की सौदा करणारा हात आणि थांबवणारा हात वेगळा असावा. तोटा ठरलेल्या आकड्यावर गेला की दुसऱ्या माणसानं काही न विचारता सगळे सौदे बंद करायचे. म्हणजे लहान तोटा सोसून मोठा टाळायचा. त्या क्लासमधली ही एवढीच गोष्ट शहाणपणाची होती. ॲप माझ्या मोबाइलमध्ये आलं, आकडा ठरला, लाल बटण दाखवून झालं आणि मी रिस्क मॅनेजर झाले. पद अर्थातच बिनपगारी.

दोनेक महिने फी येत राहिली. मग एका दुपारी मी एका आजोबांचं रक्त काढत होते, तेव्हा मोबाइल वाजला. आकडा ओलांडला होता. आजोबांना म्हटलं, "कापूस दाबून धरा," आणि मी बटण दाबलं. थोडा तोटा झाला, पण लॅबचे बहुतेक पैसे वाचले. मला स्वतःचा अभिमान वाटला.

संध्याकाळपर्यंत भाव होता तिथं परत आला.

मग काय विचारता! प्राध्यापकांचे दोन मित्र रोज चहाला येत. तेही हाच धंदा करत आणि त्यांच्याकडे थांबवणारा हात वगैरे काही नव्हतं, त्यामुळे ते मजेत होते. "वहिनींनी घाई केली," दोघंही एकदम म्हणाले. "जरा दम धरायचा असतो," असं आमच्या प्राध्यापकांनी त्यांच्यादेखत मला सुनावलं. बिटकॉइन म्हणजे कापसाचं नवं बियाणं आहे असं समजणाऱ्या सासूबाईसुद्धा मागं राहिल्या नाहीत. "बाईच्या हातात कासरा दिल्यावर दुसरं काय होतंय?"

लॅबमध्ये असली माणसं मी रोज बघते. रिपोर्ट नॉर्मल आला की तोंड पाडून म्हणतात, "म्हणजे पैसे वायाच गेले की." आजार निघाला असता तर बहुधा पेढे वाटले असते. अर्थशास्त्र शिकवणारा माणूस त्यांच्याच रांगेत जाऊन बसला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. पुढं वर्षभर घरात तेच एक वाक्य चाललं. भाजी कच्ची राहिली, घाई केली. एसटीसाठी दहा मिनिटं आधी निघाले, घाई केली.

वाचलेले पैसे पुन्हा त्याच धंद्यात लागले, आणि नियम बदलला. "आता मला इचारल्याबिगर दाबायचं न्हाई."

"तुमी वर्गात असलात तर?"

"मग थांबायचं."

मार्केट यांचा तास संपेपर्यंत थांबणार होतं म्हणे.

ती वेळ आली तेव्हा यांची परीक्षेची ड्युटी होती आणि मोबाइल ऑफिसात जमा. भाव सकाळपासून कोसळत होता. आकडा ओलांडला. मी तीन वेळा फोन लावला, बंद. बोट बटणावर नेलं होतं, हे खरं सांगते. पण भाव परत वर आला तर? पुन्हा तो चहा, ते दोघं आणि ते वाक्य. पैसे माझे होते, लॅब माझी होती, हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. तरी त्या वाक्याचा राग त्याहून मोठा निघाला. होऊ दे यांची विमा कंपनी, असं मनात म्हणून मी मोबाइल पालथा ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

चार पेशंट झाल्यावर मोबाइल सुलटा केला. सौद्यांसाठी तारण ठेवलेली आमची अनामत संपल्यामुळे एक्स्चेंजनं सगळे सौदे आपणहून बंद केले होते. उरलेल्या पैशात गाळ्याचं महिन्याचं भाडंही निघालं नसतं.

संध्याकाळी प्राध्यापक उतरलेल्या चेहऱ्यानं घरी आले. "तू बघितलं न्हाईस?"

"लॅबमध्ये गर्दी होती," मी म्हणाले.

"जाऊ दे. तुझी काय चूक? मार्केटच तसं हाय." मित्रही आले. त्यांचंही सगळं गेलं होतं. "वहिनींनी तरी काय करायचं?" दोघं म्हणाले. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा स्वतः चहा करून माझ्या हातात दिला. "मनाला लावून घिऊ नको, पोरी."

दाबलं तेव्हा वर्षभर बोलणी खाल्ली, आणि नाही दाबलं तर आयता चहा. तो मी पिऊन टाकला, अगदी गोड लागला, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. मी बघितलं होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.

कप विसळून मी ताडकळसच्या गाळेवाल्याला फोन केला आणि गाळा दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणाले.

"एवढी कशाची घाई करायलाव ताई?" तो म्हणाला. "थांबा की अजून दोन दिवस."