मंगळीच्या मागे कीबोर्ड

सुरतेत त्याला हनुमानभाई म्हणतात. नवरात्रात त्याच्या कीबोर्डवर मैदानभर माणसं फेर धरतात आणि लग्नसराईच्या त्याच्या तारखा दिवाळीआधीच संपतात. डोळखांबजवळच्या त्याच्या पाड्यावर मात्र त्याचं वाजवणं कोणी ऐकलेलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी भातकापणी उरकून हनुमान मेंगाळ सुरतेला बांधकामावर गेला. शेजारच्या खोलीत ऑर्केस्ट्रावाले राहायचे. त्यांचे स्पीकर उचलता उचलता तो वाजवायला शिकला. पाड्याचा समज होता की हा अजून सिमेंटच कालवतो.

म्हणून धाकट्या बहिणीच्या, काजलच्या हळदीला त्याला वाजवायचंच होतं.

"वाजव, पण हळदीची गाणी मंगळीच म्हणणार," त्याच्या आईने, सकुबाईने आधीच सांगितलं. मंगळी सत्तरीची. पाड्यावरची एकही हळद तिच्या गाण्याशिवाय लागलेली नाही.

दुपारी शहापूरहून स्पीकरचा टेम्पो आला. हनुमानने दोन स्पीकर लावले आणि सुरतेत हमखास चालणारी चाल उडवून दिली. मांडवातल्या सगळ्यांनी मोबाइल काढले. नाचलं कोणीच नाही.

"चांगलाय रे दादा," चुलतभाऊ रितेश म्हणाला, "पण पाय कवा उचलायचा तेच कळंना."

एवढ्यात मंगळीने जात्यापाशी बसून गाणं धरलं. हनुमान तिचा सूर शोधायला लागला. तो काळ्या पट्टीत नव्हता, पांढरीतही नव्हता. दोन्हींच्या मधेच कुठेतरी होता. शिवाय प्रत्येक कडव्याला म्हातारी थोडी वर सरकायची. कीबोर्डचा ताल एकीकडे, ती दुसरीकडे.

मंगळी थांबली. "हनम्या, तुझी पेटी अंगावर येते रे माझ्या! ती टिकटिक बंद कर आधी."

बायका खो खो हसल्या. "ठेव आता ते, जेवून घे," सकुबाई म्हणाली.

त्याने ठेवलं नाही. सुरतेत गाणारे त्याच्या पट्टीला येतात; उलटं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याने ताल बंद केला, एका स्पीकरची वायर उपसली. कीबोर्डच्या डाव्या अंगाला सूर वर-खाली सरकवायचं एक छोटं चाक असतं. सुरतेत तो ते शिट्ट्या मिळवायला फिरवायचा. आता त्यावर अंगठा ठेवून तो उजव्या हाताने हळूच मंगळीच्या मागे निघाला. ती वर गेली की चाक वर. चाक संपलं की पुढची पट्टी दाबायची आणि चाक मागे आणायचं.

चौथ्या कडव्याला तिच्या ध्यानात आलं. तिने तिरक्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम सूर चढवला. तो गेला. आणखी चढवला. तिथेही गेला. तोवर बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरला होता, आणि हळदीने माखलेल्या हातांनीच सकुबाई त्यात शिरली होती.

गाणं संपल्यावर मंगळी पदराने तोंड पुसत म्हणाली, "वैशाखात आमच्या नातवाचं, साईनाथचं लगीन हाय. येशील?"

"वैशाखात सुरतेच्या तारखा असतात, आजी."

"मग त्यांना सांग, मंगळीनं बोलावलंय."

मोबाइलला रेंज यायची त्या टेकाडावर जाऊन हनुमानने ऑर्केस्ट्राच्या मालकाला फोन लावला आणि वैशाखातला तो आठवडा मोकळा मागितला.

"गाणार कोण आहे तिकडे?" मालकाने विचारलं.

"मंगळीबेन."

"नाव नाही ऐकलं कधी."

"इथं तुमचंही नाही ऐकलेलं, शेठ," हनुमान म्हणाला आणि मांडवाकडे धावला. खाली पुढचं गाणं सुरू झालं होतं, त्याच्याशिवाय.