पाण्याखालची नाव आणि माझ्या पाटल्या

सरकीचा वास आला की मला अकोल्यातलं सासरचं अंगण आठवतं. अमेरिकेतल्या लढाईत शत्रूच्या जहाजांनी पहारा देऊन तिथलं कापसाचं बंदर अडवलं होतं, म्हणून आमचा कापूस सोन्याच्या भावाने जायचा. दलाल म्हणाला, पहाऱ्याची जहाजं फोडायला तिकडे पाण्याखालून चालणारी नाव केलीय. दोनदा बुडाली, तरी वर काढली. बंदर सुटलं की भाव पडेल, म्हणून सासरे सगळा कापूस विकायला निघाले. मी नवी सून, दाराआडून बोलले, "थांबा मामाजी! दोन डाव बुडाली, ते तिसऱ्या डावी तरते का?" ते थांबले. पुढे खबर आली, एक जहाज फोडून नाव तळाशी गेली, बंदर अडलेलंच, भावही चढाच. मी ऐटीत सासूबाईंकडे बक्षीस म्हणून सोन्याच्या पाटल्या मागितल्या. "आतल्या मानसाईच्या बायकाईनं बांगड्या फोडल्या असतीन," त्या म्हणाल्या, "अन् तुले पाटल्या पायजेत व?" नावेत माणसं असतात, हे या शहाणीला सुचलंच नव्हतं. आज नाती मला हुशार म्हणतात. मी म्हणू देते.