आईचा हात थांबायचा तेव्हा

पत्रक छापायला देण्याआधी मी ते आईला वाचून दाखवायची. आमच्या गावातून दिग्रसला कॉलेजात जाणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळची बस मागणारी आमची समिती. पत्रकं लिहायचं काम माझं. आई समोर सूप घेऊन तूर निवडत बसायची. ज्या ओळीला तिचा हात थांबला ती ठेवायची, बाकी कापायची. समितीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं.

मग धाकट्या बहिणीनं स्पॅनिश शिकायला काढलं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी हवी होती, त्यासाठी मोबाइलवर क्लास. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, घरात जे चाललंय ते मोठ्यानं बोलत जा. तेव्हापासून आमच्या घरात मुकाट्यानं झाडू फिरेना. ‘एस्तोय बार्रिएन्दो’, मी झाडून राह्यली. ‘एस्तोय लाबान्दो लोस प्लातोस’, मी ताटं धुऊन राह्यली. ताटं अर्धी तशीच राहायची, वाक्य तेवढं पूर्ण.

मला वाटलं, आई वैतागेल. आई शिकली.

“के एस्तास आसिएन्दो, मामा?” धाकटी दारातून विचारायची. काय करून राह्यली, आई?

“एस्तोय लिम्पिआन्दो.” साफ करून राह्यली. सूप चालूच, आणि दोघी हसायच्या.

स्पष्टच लिहिते, ते हसणं मला सहन व्हायचं नाही. इतकी वर्षं मी या बाईला हक्क, निवेदन, धरणं समजावते आहे. तिला माझी एक घोषणा पाठ नाही. आणि जो देश कुठं आहे हे तिला माहीत नाही, तिथली वाक्यं तिच्या तोंडात.

एका दुपारी नवं पत्रक वाचायला बसले. ‘प्रशासनाच्या उदासीन धोरणाचा आम्ही तीव्र निषेध करतो.’ तूर सुपात सळसळत राहिली. मोरीतून धाकटीनं तोच प्रश्न टाकला, आईनं तेच उत्तर दिलं, माझ्या निषेधाच्या मधोमध.

“मी वाचून राह्यली ना,” मी म्हटलं.

“वाच ना मंग. मी काय कान बंद केले?”

“तिचं बरं आयकू येते तुले.”

“तिचं समजते मले. कोण झाडून राह्यलं, कोण धुऊन राह्यलं. तुह्या कागदात कोण काय करून राह्यलं, काहीच समजत नाही. नुसता निषेध.”

“ताई, तुले पण शिकवू का?” मोरीतून आवाज आला.

“तू पह्यले भांडे घास.”

कागद फाडला. अंगणात जाऊन रागारागानं दुसरा लिहिला, आणि परत येऊन आईसमोर उभ्यानंच वाचला. ‘कॉलेज सुटलं. अंधार पडून राह्यला. तुमची पोरगी स्टँडवर एकटी उभी हाये, अन् एक मोटरसायकल दुसऱ्यांदा तिच्यासमोरून जाऊन राह्यली.’

सूप मांडीवर टेकलं.

“दुसऱ्यांदा?” आईनं विचारलं.

“हो.”

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग मोरीकडे तोंड करून म्हणाली, “आयकलं का वो? तुह्या क्लासानं ताईलेही लिहिता येऊन राह्यलं.”

धाकटी खूश होऊन ओल्या हातानं बाहेर आली. मोटरसायकलची ती ओळ कापायची मला फार इच्छा झाली. पण आईचा हात थांबला होता. ठेवली.