दोन दात कमी

टिक्योच्या मोटारसायकलवर बसायचं तर पायात धड चप्पल हवी, असं डोंगरावरच्या तागबालोग गावात शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. कोपर म्हणतात त्या वळणाच्या चढाला ती गाडी हमखास मान टाकायची, आणि बसलेल्यांना उतरून चालावं लागायचं. बाकीचे हबल-हबलवाले, म्हणजे भाड्यानं मोटारसायकल चालवणारे, गाडीच्या दोन्ही अंगांना फळ्या बांधून सहा-सहा माणसं, वर केळीचे घड, एखादं ओरडणारं डुक्कर, असा सगळा संसार एका दमात डोंगरावर न्यायचे. हा तीन माणसं घ्यायचा, आणि तीही चालत यायची. रांगेत त्याची पाळी आली की बाजारातून परतलेल्या बायांना अचानक कुणाची तरी वाट बघायची असायची.

एक-दोन नाही, बारा वर्षं हे चाललं होतं. टिक्यो तसा कष्टाळू, व्यसन म्हणाल तर रविवारची ग्लासभर ताडी. पण गावाला एक हसण्यासारखा माणूस लागतो, आणि तागबालोगनं तो निवडून ठेवला होता. हसणाऱ्यांत पहिला रोडेलो. रोडेलोची गाडी नवी, जीभ त्याहून नवी. टिक्यो कोपराजवळ पाय टेकून घामाघूम उभा असला की रोडेलो बाजूनं वर जाता जाता म्हणायचा, "नोंग टिक्यो, दादा, गाडीला पण उतरवा की. दमलीय बिचारी." मागे बसलेले सहाही जण हसायचे. टिक्योही हसायचा. न हसून करणार काय?

त्याची बायको बिबिंग मात्र हसायची नाही. पाणवठ्यावर तिला विचारायचे, काल तुझा नवरा गाडीवरून आला की गाडी नवऱ्यावरून? ती घरी येऊन भांडी आपटायची, पण नवऱ्याला एक शब्द बोलायची नाही. ते न बोलणं टिक्योला रोडेलोच्या जिभेपेक्षा जास्त लागायचं.

खरं तर गाडीत खोट नव्हती. सडकेलाही चालेल आणि चिखलालाही, अशी उंच, खडबडीत टायरांची गाडी. टिक्योला वाटायचं, इंजिन म्हातारं झालंय, नवा पिस्टन टाकल्याशिवाय गत नाही, आणि पिस्टनचे पैसे या जन्मी जमायचे नाहीत. चढाच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या म्हाताऱ्या सेन्सियो मिस्त्रीनं त्याला दहादा सांगितलं होतं, "अरे दोंग, पोरा, इंजिनाला काय धाड भरलीय? आधीचा मालक समुद्राकाठचा. सपाटीवर पळायला म्हणून त्यानं पुढचं स्प्रॉकेट, साखळीचं दातेरी चाक, मोठं टाकलंय. त्या चाकाचे दात कमी कर. पळणं कमी होईल, ओढणं वाढेल. एका कोंबडीच्या किमतीत काम होतंय." पण स्वस्तातलं औषध लागू पडतं यावर गरिबाचा विश्वास बसत नाही. टिक्यो मान हलवायचा आणि पिस्टनची स्वप्नं बघायचा.

मग त्या वर्षी चिठ्ठी निघाली.

तागबालोगचा संत म्हणजे सान इसिद्रो, शेतकऱ्यांचा. जत्रेआधी आठ दिवस तो खालच्या मोठ्या चर्चमध्ये मुक्कामाला जातो आणि जत्रेच्या सकाळी परत वर येतो. पूर्वी रेड्याच्या घसरगाडीवरून यायचा, आता हबल-हबलवरून येतो. नियम मात्र रेड्याच्या काळातलेच. चढ सुरू झाला की चाक थांबता कामा नये आणि चालवणाऱ्याचा पाय जमिनीला लागता कामा नये. थांबलं तर त्या वर्षी मक्याला अळी. कुणी न्यायचं, ते भाताच्या हंडीत चिठ्ठ्या टाकून ठरतं. हंडीत हात घातला देऊळसमितीच्या म्हाताऱ्या माना पासिंगनं, आणि नाव निघालं टिक्योचं.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा मंडप हसला. माना पासिंगनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, जणू मागच्या बाजूला दुसरं नाव असेल. रोडेलो पुढे येऊन फार गोड आवाजात म्हणाला, "नोंग, पाळी मला द्या. तुमची इज्जत राहील, मक्याचीही राहील."

टिक्योनं बिबिंगकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "नाही," तो म्हणाला. "मीच नेणार."

त्याला दुसरं काही नको होतं. एकदाच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाय न टेकता कोपर ओलांडायचं होतं. दुसऱ्या सकाळी तो सेन्सियोच्या शेडमध्ये हजर झाला. म्हाताऱ्यानं पंधरा दातांचं स्प्रॉकेट काढलं आणि चौदाचं हातात घेतलं. टिक्यो म्हणाला, तेराचं लाव. सेन्सियो म्हणाला, एक दात पुरे, दोन काढलेस तर पुढचं चाक उठून गाडी अंगावर येईल. पण बारा वर्षं उपाशी असलेल्याला एक घास पुरे म्हणून सांगायचं कसं? तेराचं लागलं. साखळी ढिली पडली, तिच्या दोन कड्या कापल्या, मागचं चाक ताणून बसवलं, झालं काम.

दुपारी त्यानं मक्याची तीन पोती लादली, दोन बाजूच्या फळ्यांवर आणि एक पुढे टाकीवर, मांड्यांमध्ये. गाडी कोपर चढली. नुसती चढली नाही, कुरकुर न करता चढली. वर पोचल्यावर टिक्यो पोत्यावर डोकं टेकून रडला. बारा वर्षांच्या थट्टेची किंमत एक कोंबडी! त्या संध्याकाळी त्यानं बिबिंगला सांगितलं, उद्या पुढच्या रांगेत उभी राहा. तिनं ठेवणीतला झगा काढला.

जत्रेच्या सकाळी बायांनी गाडी सजवली. संताच्या आजूबाजूला लाकडाच्या मळक्या फळ्या कशा चालतील? म्हणून फळ्या सोडल्या. संताबरोबर पोतं कसलं? म्हणून टाकी मोकळी, तिच्यावर झेंडूच्या माळा. संताला मागच्या कॅरियरवर उभा केला, चार फूट उंच, शिसवी लाकडाचा, पायाशी त्याचा बैल, आणि दोरानं आवळून बांधला. सगळं वजन मागे, तेही उंचावर. सेन्सियो गर्दीतून ओरडला, संताला आडवा बांधा. माना पासिंग म्हणाली, आडवं मढं नेतात. टिक्योनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याचे डोळे चढाकडे होते.

अर्ध्यापर्यंत गाडी अशी गेली की गाणं म्हणणाऱ्या बायासुद्धा गाणं विसरून बघत राहिल्या. रोडेलोचं तोंड उघडं ते उघडंच. आणि मग कोपर आलं.

बारा वर्षं त्या वळणाआधी टिक्योचा हात एकच गोष्ट करत आला होता, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. नाही पिळला तर गाडी मेलीच. जित्याची खोड. त्याच्या मनात होतं की नाही देव जाणे, हातानं पिळला. दोन दात कमी असलेली ती गाडी आता पूर्वीची राहिली नव्हती. पुढचं चाक उठलं. टिक्योनं अंग पुढे टाकलं, पण मागे चार फुटांचा संत ओढत होता. गाडी उभी राहिली आणि उलटी आली. आधी संत खाली, त्यावर टिक्यो, त्यावर गाडी.

लोक धावले, सगळेच्या सगळे धावले. संताकडे धावले. त्याचं मुंडकं तुटून गटारात गेलं होतं. बायांनी दोर सोडून धड खालून ओढून काढलं, डोक्यावरच्या रुमालांत गुंडाळलं, छातीशी धरलं, हंबरडे फोडले. दोन पावलांवर टिक्यो गाडीखाली होता. इंजिन चालूच होतं, मागचं चाक फिरत होतं आणि सायलेन्सर त्याच्या पोटरीवर होता. तो ओरडला का? ओरडला, पण त्या आक्रोशात एक ओरडणं कुणाला ऐकू जाणार. त्याला बिबिंग दिसली. ती ठेवणीतल्या झग्यानिशी गटारात उतरली, संताचं डोकं उचललं, ओच्यात घेतलं आणि बाकीच्यांच्या मागून वर निघून गेली. शेवटी सेन्सियो म्हातारा धापा टाकत आला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

संत पंधरा दिवसांत जोडला गेला. टिक्योचा पाय जुळला तो वाकडाच. गाडी चालवणं सुटलं. सेन्सियोनं त्याला शेडमध्ये घेतलं, आणि मग एक गंमत झाली, गंमतच म्हणायची. अर्ध्या चढापर्यंत ती गाडी कशी गेली होती ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एकेक हबल-हबलवाला गुपचूप यायचा आणि म्हणायचा, पुढचा एक दात कमी करून दे. वर्षभरात रोडेलोची सोडून तागबालोगच्या झाडून सगळ्या गाड्या टिक्योच्या हाताखालून गेल्या. हातावर पैसे ठेवताना लोक बोटाला बोट लागू द्यायचे नाहीत. मक्याला अळी पडली होती ना!

पुढच्या वर्षी चिठ्ठी रोडेलोची निघाली. जत्रेच्या आदल्या दुपारी तो शेडमध्ये आला. या खेपेला गोड बोलला नाही, नुसतं "दात," म्हणाला आणि बाकावर बसला.

टिक्योच्या एका हातात चौदाचं स्प्रॉकेट होतं. समोर खिळ्याला तेराचं टांगलेलं होतं. ते त्यानं उतरवलं. दोन्ही हातांत दोन चाकं धरून तो बराच वेळ बसला. रोडेलो मोबाइल बघत होता, त्याला दातांतलं काही कळत नव्हतं. तेराचं लावलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. टिक्योनं तेराचं परत टांगलं आणि चौदाचं लावलं. "कोपराला पिळू नको," तो म्हणाला. "संताला जमेल तेवढा खाली बांध. पुढे टाकीवर पोतं घे, वर फुलं टाक, म्हणजे बायांना दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याला चढावर यायची बंदी होती, माना पासिंगचा निरोप आला होता. तो शेडमध्ये बसून ऐकत होता. इंजिनाचा आवाज कोपराजवळ हळू झाला, एकसारखा राहिला, वळला आणि वर गेला. मग टाळ्या. टिक्योनं कधी न केलेली गोष्ट केली, एकटाच होता तरी टाळ्या वाजवल्या.

दुपारी चढ मोकळा झाल्यावर तो घरी गेला, मागोमाग बिबिंग आली. मक्याच्या कण्यांवर सुका मासा ठेवून तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"पाद्रेनं सगळ्यांसमोर विचारलं, गाडी एवढी गुणी कुणी केली म्हणून," ती म्हणाली. "रोडेलो म्हणाला, मीच केली."

टिक्योनं हातातला घास ताटात ठेवला. "तू तिथंच होतीस?"

"शेजारीच होते. मेणबत्ती होती माझ्या हातात."

"मग?"

"मग काय. गप्प बसले. तुझं नाव घेतलं असतं तर लोकांनी संताची मान चाचपून पाहिली असती." तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी ठेवला. "खा, गार होतंय."