रोडगे दिसलेच नाहीत

मी मोबाइल उलटा धरला होता. चूक एवढीच. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांवर भाजणारे माझे मावसाजी जगाला दाखवायचे म्हणून मी अमरावतीहून दर्यापूर गाठलं, तिथून पुढं जीपमध्ये अर्धा आत अर्धा बाहेर बसून त्यांचं गाव गाठलं, आणि चित्रीकरण झालं ते सगळं माझ्याच तोंडाचं. तेही खालून, नाकपुड्यांच्या बाजूनं. तो व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला, की आता अमरावतीतले ऑटोवाले मला आरशातून न्याहाळतात आणि विचारतात, "काकाजी, थे रडणारे तुमीच न?"

पण माझं सोडा. सांगायचं आहे ते मावसाजींबद्दल. अख्ख्या वऱ्हाडात, किंबहुना जिथवर मोबाइलला रेंज पोचते त्या साऱ्या मुलखात, व्हिडिओ कसा पाहावा हे कुणाला कळलं असेल तर ते माझ्या मावशीच्या या यजमानांना. आपण अंगठ्यानं माणसं सरकवत जातो, बाजारात भेंडी निवडावी तशी. मावसाजी एकदा व्हिडिओ लावला की तो संपेपर्यंत जागचे हलत नाहीत. समोरचा "नमस्कार मंडळी" म्हणाला की हे हात जोडून "नमस्कार, नमस्कार" म्हणतात. एकदा एक पोरगा बिघडलेली मोटर कशी उघडावी हे समजावून सांगत होता. मावसाजींची मोटर ठणठणीत होती, बिघडलेलं होतं ते पोट. चेहऱ्यावर घाम, एका हातात पाण्यानं भरलेला डबा, आणि तरीही गृहस्थ दाराच्या चौकटीला टेकून ऐकतायत. मी म्हटलं, "अहो मावसाजी, बंद करा ना." तर कळवळून म्हणाले, "काहून? माणूस बोलून राहिला न बाप्पा. मधातूनच उठून गेलो तं त्याले काय वाटन?"

शिवाय चांगला व्हिडिओ आला तर मावसाजी तो पाठवत नाहीत, घेऊन जातात. धुतलेलं धोतर नेसायचं, टोपी घालायची, मोबाइल रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा आणि एसटीनं थेट अंजनगाव, बाजारातल्या जुन्या मित्राच्या दुकानी. मित्रानं तो व्हिडिओ सकाळीच पाहिलेला असतो. तरी दोघं एका बाकावर बसून पुन्हा पाहतात, एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसतात आणि चहा पिऊन मावसाजी परतीची गाडी धरतात. पाठवून का देत नाही, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "लग्नाचं आवतन कोणी भिंतीवरून फेकते काय? घरी जाऊन द्या लागते."

माझं याच्या नेमकं उलट. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी स्वतःचं चॅनल काढलं आणि व्हिडिओ का चालतो यावर इतका अभ्यास केला, की तेवढा नोकरीत असताना केला असता तर हेडमास्तर झालो असतो. सुरुवात कशी हवी, शीर्षक किती शब्दांचं, मागं संगीत कुठलं, सगळं मला पाठ होतं. चॅनल पाहणारे मात्र दोघं. एक मी आणि दुसरी बायको, ती मी घरात असेन तेव्हाच. एकदा मी ही सगळी तत्त्वं मावसाजींना ऐकवली. त्यांनी रीतीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकली, आणि म्हणाले, "जो एकट्यानं पाहून पोट भरत नाई, थो चालते. बाकी तुह्यं चालू दे."

हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं. याचं मूळ त्यांच्या ओट्यावर होतं. आम्ही लहानपणी उन्हाळ्यात मावशीकडे जायचो, तेव्हा गावातला पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला होता. तो घरात ठेवायचा असतो हे मावसाजींना पटेना. तो ओट्यावर, अंगणाकडे तोंड करून. शेवटच्या घरातली म्हातारी काठी टेकत येऊन बसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मावशी सुपात फुटाणे घेऊन फिरायची. आणि चित्राला मुंग्या आल्या की मावसाजी छपरावर चढून अँटेना फिरवायचे. वरून आवाज यायचा, "आलं काय?" खालून अख्खं अंगण, "नाईऽऽ!" पुन्हा "आलं काय?" पुन्हा "नाईऽऽ!" कधीतरी चित्र यायचं, पण ते खाली उतरले की पुन्हा जायचं, म्हणून ते वरच बसून राहायचे. त्या टीव्हीवर त्यांनी एकही कार्यक्रम धड पाहिला नसेल. खाली आम्ही हसलो की वर अंधारात तेही हसायचे. कशाला हसतो आहोत हे ठाऊक नसताना तसं मनमोकळं हसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

असंच हसण्यात त्यांना जोडीदार मिळाला तो व्याह्यांच्या रूपानं. लेक अकोल्याला दिली आणि तिचे सासरे आणि हे, दोघांचं असं जमलं की मावशी म्हणायची, "लेक नाई दिली, ह्यायनं सोताले देऊन टाकलं." व्याही कापसाच्या दलालीत मुरलेले, आवाज खणखणीत, मनात आलेलं तोंडात अडत नसे. दरवर्षी शेतातल्या निंबाखाली रोडगे व्हायचे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे मावसाजी, सोबतची वांग्याची भाजी मावशीची, आणि तिखटानं नाक पुसत पुसत "वा, व्याहीणबाई!" म्हणायचे व्याही.

मग मावशी गेली. त्यानंतरच्या पहिल्या रोडग्यांना भाजी मावसाजींनी स्वतः केली. पंगत बसली, व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, भाजी फिक्की झाली."

मावसाजींनी भाजीची बादली उचलली आणि वाढणं सोडून चालू लागले. व्याही भरल्या ताटावरून उठून अकोल्याला गेले. तेव्हापासून बोलणं बंद. लेकीला भेटायला मावसाजी अकोल्याला जायचे, पण स्टॅंडच्या बाहेर पाऊल टाकायचे नाहीत. ती डबा घेऊन तिथं यायची, बाप-लेक बाकड्यावर जेवायचे आणि हे आल्या गाडीनं परत. बिचारीचं माहेर अकोल्याच्या स्टॅंडवर भरायचं.

हे सगळं ठाऊक असूनही, रोडग्यांचा व्हिडिओ करताना मी विचारलं काय, तर, "मावसाजी, भाजीत तिखट किती टाकायचं?" गोवऱ्यांचा धूर असा, की मी चष्मा काढून खिशात टाकलेला. वरून ऊन. हात लांब करून धरलेल्या मोबाइलवर काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं. मावसाजी माझ्याकडे न पाहता रोडगे उलटवत म्हणाले, "तिखट काय मापानं टाकते काय कोणी? थे तिच्या हातात होतं. हात गेला, तिखट गेलं. व्याही बोलला थे खोटं नोतं. खरं बोलला म्हणून तं राग आला मले. खोटं बोलला असता तं हासलो असतो." त्यांनी चिमट्यानं विस्तव सारखा केला. मग, "सरक तिकडे, राखेत पाय देऊन राहिला आंधळ्या!"

पेपर देण्याआधी एकदा तपासून पाहा, असं मी पोरांना जन्मभर सांगत आलो. तो व्हिडिओ मात्र दर्यापूरच्या स्टॅंडवर, गाडी लागायच्या आत, न पाहता चढवून दिला. घरी पोचेपर्यंत माझं धुरानं रडणारं तोंड घरोघर गेलं होतं. त्यात रोडगा नाही, मावसाजी नाहीत, फक्त त्यांचा आवाज आणि माझे अश्रू. लोकांनी मला त्यांचा मुलगा ठरवलं. "असा हळवा मुलगा सर्वांना मिळो," असं कुणीतरी लिहिलं. मीही धुराचा खुलासा केला नाही. इतकी वर्षं कुणी मला हळवा म्हटलेलं नव्हतं.

बघणाऱ्यांचा आकडा लाखांवर गेला, तेव्हा तो सांगायला मी पुन्हा गावी गेलो. मावसाजी ओसरीवर बसले होते. म्हणाले, "अकोल्यात पाह्यला काय कोणी?"

"मावसाजी, दुबईत पाहिला!"

"दुबईत माह्यं कोण हाये? अकोल्याचं सांग." मग खाली बघत, "त्यानं आयकलं असन तं हासत असन. नसन आयकलं तं... नसन." लेकीला फोन करून विचारू का, म्हटलं तर माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.

आणि दुपारच्या गाडीनं व्याही उतरले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात रुमालात गुंडाळलेला मोबाइल. भांडणाचं नाव नाही, रामराम नाही. ओसरीवर मावसाजींच्या शेजारी टेकले आणि घसा खाकरून म्हणाले, "एक व्हिडिओ आला हाये. म्हटलं, घरी जाऊन दाखवाव."

मावसाजींनी टोपी नीट केली. दोघांनी एका मोबाइलवर डोकी टेकवली. मावसाजी स्वतःचाच आवाज परक्याचा असावा तसा ऐकत राहिले. उठून आत जावंसं वाटलं असेल, पण माणूस बोलत होता. मधून कसं उठणार? संपल्यावर व्याही म्हणाले, "आज भाजी करा. मी काई बोलत नाई."

"बोलजा," मावसाजी म्हणाले. "तुमी नाई बोलले तं मले समजन कसं?"

छपरावर आता अँटेना नाही, नुसता गंजका खांब उरलाय, त्याच्याकडे मी पाहत राहिलो. ओसरीवर धूर नव्हता, तरी मी चष्मा काढून पुसत होतो. तेवढ्यात व्याह्यांनी एकदा मोबाइलकडे आणि एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं.

"व्याहीबुवा, याच्यातला रडणारा हाच न? आताबी रडूनच राहिला काय हा?"

मावसाजींनी माझ्याकडे मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. "थो कुठचा रडते? तवा डोळ्यात धूर गेला असन, आता कचरा गेला असन. रडाले बी अक्कल लागते."