टाइलवरचे सर

पांढरा रंग जळताना ओल्या खडूसारखा वास येतो. आधी गोडसर, मग घशाशी कडू. अड्यारच्या आमच्या फ्लॅटच्या मागल्या बाल्कनीत तो वास मुरला आहे. समुद्राकडून वारा येतो, पण वास घेऊन जात नाही. उलट त्यात मीठ कालवतो.

तिथे माझे लेसरचे लहानसे यंत्र आहे. बाथरूमच्या भिंतीला लावतात ती स्वस्त पांढरी टाइल घ्यायची, तिच्यावर पांढरा स्प्रे मारायचा आणि रंग वाळला की लेसरखाली ठेवायची. फोटोतल्या सावल्या तेवढ्या लेसर भाजत जातो. मग थिनरच्या बोळ्याने रंग पुसला की पांढऱ्यावर काळा चेहरा उरतो, टाइलच्या चकाकीत कायमचा रुतलेला. मात्र जोर किती आणि वेग किती, हे प्रत्येक नव्या रंगासाठी नव्याने तपासावे लागते. इतर लोक त्यासाठी चौकोन भाजून पाहतात. गेल्या उन्हाळ्यात मी सरांचा चेहरा भाजून पाहिला.

सर म्हणजे आमच्या मराठी मंडळातले कवितेचे जाणकार. बँकेच्या बदलीवर महाराष्ट्रातून आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. मी तंजावरकडच्या मराठी घरातली. पुस्तकातली मराठी शाळेत शिकले आणि घरची आईच्या मांडीवर. विशीत असताना मैलापूरच्या एका सभागृहात मी माझी पहिली कविता वाचली, ती घरच्या बोलीत. शेवटच्या रांगेत आई गजरा माळून बसली होती. वाचन संपले आणि सरांच्या वरच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला.

"कविता उत्तम आहे," ते म्हणाले. "आता कुणीतरी हिचं मराठीत भाषांतर करा."

सभागृह हसले. आईही हसली, सगळे हसत होते म्हणून. परतताना बसमध्ये तिने विचारले, "काय म्हणाले ते?" मी सांगितले. त्यानंतर ती घराबाहेर मराठी बोललीच नाही. मंडळाच्या हळदीकुंकवालाही तमिळच बोले. नव्याने आलेल्या बायका तिला परकी समजून खुणांनी वाण देत. ती गेली तीही तशीच, मराठी माणसांत मुकी. कविता मी पुढे पुष्कळ लिहिल्या. आईचे बोलणे मात्र कुणी परत आणून देणार नव्हते.

सरांच्या पंचाहत्तरीला भेट काय द्यावी, असा प्रश्न मंडळाला पडला, तेव्हा सेक्रेटरींचा फोन आला.

"ताई, तुमच्या त्या टाइलवर सर काढाल का? एक फोटो पाठवतो. जरा तरुण दिसू देत हं. सुरकुत्या काढता येतात ना?"

"येतात."

"आणि गालावरची चामखीळ?"

"तीही जाईल."

"आणि केस थोडे..."

"काळे करते," मी म्हटले. माझा आवाज मधासारखा आला.

फोटो कुठल्याशा काव्यवाचनातला होता. सर दुसऱ्या कुणाची तरी कविता ऐकत होते, ओठाचा डावा कोपरा तसाच वर गेलेला.

पहिल्या टाइलवर जोर कमी पडला. थिनरचा बोळा फिरवताच सर कपाळापासून हनुवटीपर्यंत विरघळून पुसले गेले. त्या सुखासाठी मी तोच जोर पुन्हा एकदा लावला. मग जोर इतका वाढवला की चकाकीला तडे गेले आणि गालांवर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे पडले. दमट हवेत एका टाइलचा रंग वाळलाच नव्हता; तिच्यावर त्यांचा जबडा फेसाळला. ते सगळे सर मी बाल्कनीच्या कठड्याशी ओळीने उभे केले आणि चहा प्यायले.

पण बिघडलेले तोंड कुणालाही दाखवता येते. मला ते नको होते.

सेक्रेटरींनी सांगितले होते तेवढे सगळे मी इमानाने केले. सुरकुत्या पुसल्या, चामखीळ काढली, केस काळे केले. एकेक वर्ष उतरू लागले तसा पडद्यावर मैलापूरच्या त्या संध्याकाळचा माणूस जवळ येऊ लागला. ओठाला मी हात लावला नाही. फक्त त्याच्या डाव्या कोपऱ्याची सावली एक छटा गडद केली. माझे यंत्र खालून वर भाजते. आधी हनुवटी उगवली, मग तो ओठ, आणि डोळे येईपर्यंत तो एकटाच पांढऱ्यावर वाकडा होऊन थांबला. थिनरने धुतले, घासणीने घासले, लिंबू चोळले. तो हलला नाही.

समारंभात सरांनी टाइल उंच धरली. "वा! अगदी तरुण केलंत की मला!" टाळ्या पडल्या. टाइल या रांगेतून त्या रांगेत फिरली आणि जो तो म्हणाला, सुंदर, हुबेहूब. एवढ्या लोकांत एकालाही तो ओठ दिसू नये? मग तो मी कुणासाठी भाजला?

शेवटी टाइल माझ्या शेजारी बसलेल्या सरांच्या पत्नीकडे आली. मंडळात त्यांना कुणी फारसे बोलताना ऐकले नव्हते. सर बोलत, त्या डबे उघडत. त्यांनी चष्मा लावला आणि टाइल मांडीवर घेतली. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग त्यांचा अंगठा सावकाश त्या ओठाच्या कोपऱ्यावर येऊन थांबला आणि नख पांढरे होईपर्यंत तिथेच दाबून राहिला. सर हार घालून घेण्यात गुंतले आहेत, हे त्यांनी एकदा वळून पाहिले. माझ्याकडे झुकल्या. डोळे कोरडे होते, चमकत होते.

"तस्सेच."